छत्तीस गोलाई, आठ लांबी

‘मले येत नाही’ हे तीन शब्द माझ्या नवऱ्याला शिकवायला मला पाच आठवडे लागले. एवढ्या दिवसांत पहिलीतल्या पोराला मी अर्धी बाराखडी शिकवून मोकळी झाले असते. पण पोराला जे येत नाही ते शिकवायचं असतं. इथे उलटंच होतं. जे त्यांना येत होतं, ते येत नाही असं म्हणायला मी त्यांना शिकवत होते, तेही न्यायाधीशासमोर.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला माहीत आहे, पण तिला सांगावं लागलं नाही, ती तेव्हा घरातच होती. शाळेतल्या बायका मला म्हणतात, मॅडम, तुम्ही किती धीरानं केस लढलात. अशा वेळी मी वह्या तपासत असल्याचं दाखवते. खाली पाहायला काहीतरी लागतं.

माझा नवरा लकडगंजातल्या एका लाकडाच्या टालीवर माप घेण्याचं काम करायचा. अठरा वर्षं एकाच शेठकडे. सागवानाचे गोल ओंडके ट्रकमधून उतरले की टेपनं त्यांची गोलाई मोजायची, लांबी मोजायची, आणि आत किती घनफूट लाकूड आहे ते ठरवायचं. गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि एकशे चव्वेचाळीसनं भागायचं. मी हे कागदावर करून पाहिलं आहे. मला दोन मिनिटं लागतात आणि एकदा तरी खोडावं लागतं. ते ओंडक्याभोवती एक चक्कर मारायचे, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून भराभर फिरवायचे आणि आकडा सांगायचे. नंतर टेप लावायची ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आकडा तोच निघायचा.

ही खोड घरीही सुटायची नाही. लग्नात गेलो की मांडवाच्या बल्ल्या पाहायचे. माझ्या माहेरी, कुहीला, आमच्या शेताच्या धुऱ्यावर एक मोठं कडुनिंबाचं झाड आहे. पहिल्या दिवाळीला गेलो तेव्हा यांनी त्याच्याकडे पाहून आकडा सांगितला, तर माझे वडील म्हणाले, “जावईबापू, झाड उभं आहे गा अजून.” मीही चिडवायचे. एकदा नवी साडी नेसून समोर उभी राहिले आणि विचारलं, “सांगा बरं, मी किती घनफूट?” त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, अंगठा पेरांवरून फिरवला आणि म्हणाले, “टेप पुरणार नाही.” मी दिवसभर रुसून बसले होते. त्या माणसाची गंमत करण्याची पद्धत अशी होती. चेहरा हलायचा नाही.

थंडीचे दिवस होते. ते टालीवरून सायकलनं घरी येत होते. मागून एका छोट्या मालवाहू गाडीनं धडक दिली आणि त्यांचं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. मला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. दवाखान्यात पोचले तर त्यांना आत नेलं होतं. डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवला आणि तीन महिन्यांनी परत बसवला. मधल्या काळातलं मला सलग काही आठवत नाही. मुलीनं तेव्हा बारावीची पुस्तकं दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचली, एवढं मात्र आठवतं.

घरी आले ते दिसायला तेच होते. डोक्याच्या डाव्या बाजूला थोडा खळगा, तोही केस वाढल्यावर झाकला गेला. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, छान आहेत की, देवाची कृपा. मी चहा द्यायचे. पाहुणे गेल्यावर ते मोरीत जायचे आणि आत का आलो ते विसरून तिथेच उभे राहायचे. शर्ट उलटा घालायचे. दात घासून झाले की पुन्हा ब्रश हातात घ्यायचे. मुलगी दुसरीत आहे असं सांगायचे. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडून परत येताना दोनदा हरवले. आणि राग. आयुष्यात ज्या माणसानं मला ‘अगं’ सोडून काही म्हटलं नव्हतं, तो वरण पातळ झालं म्हणून ताट भिंतीवर मारू लागला. नंतर रडायचे, आणि आपण का रडतो आहोत ते मलाच विचारायचे.

नुकसानभरपाईचा दावा लावायचं शेठनंच सुचवलं. वकीलही त्यांनीच पाहून दिले. वयस्क, सावकाश बोलणारे, काखेत फायलींचा गठ्ठा. गाडीचा विमा होता, म्हणजे खरी लढत विमा कंपनीशी. वकिलांनी मला समजावून सांगितलं, की हात मोडला, पाय गेला तर कोर्टाला दिसतं. डोक्याचा मार दिसत नाही. माणूस तुमच्यासमोर चालत येतो, नमस्कार करतो, खुर्चीवर बसतो. तो आता कमावू शकत नाही हे कागदांनी दाखवावं लागतं. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला, मेंदूच्या डॉक्टरांची साक्ष, शेठची साक्ष आणि माझी. मी एका खासगी शाळेत शिकवते, त्या पगारात भाडं निघत होतं आणि औषधं निम्मी निघत होती. दावा फेटाळला गेला किंवा थोडक्यावर मिटला, तर माझ्यामागे या माणसाचं कोण करणार, हा एकच विचार माझ्या डोक्यात असायचा. मुलीच्या गळ्यात तो दगड बांधायचा नव्हता. नवऱ्याला मी दगड म्हटलं. तेव्हा मनात तसंच म्हणायचे, म्हणून लिहिलं.

आठ-नऊ महिने गेल्यावर एका रविवारी मी त्यांना टालीवर घेऊन गेले. घरात बसून ते फार चिडचिडे झाले होते, आणि शेठही दोनदा म्हणाले होते, आणा भाऊंना. आम्ही पोचलो. हमालांनी खुर्ची पुसली, कोणी चहा आणला. ते चहा पीत शांत बसले. समोर एक ओंडका उतरवलेला होता. एका जुन्या हमालानं सवयीनंच विचारलं, “भाऊ, इसका कितना?” आणि विचारल्यावर त्यानं जीभ चावली.

माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठा पेरांवरून फिरत होता.

“साडेबारा,” ते म्हणाले.

हमालानं टेप लावली. गोलाई साठ इंच, लांबी आठ फूट. शेठनं कॅल्क्युलेटरवर केलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. साडेबाराच होते. मग सगळे त्यांना एकामागून एक ओंडके दाखवू लागले, आणि ते सांगत गेले. एखादा चुकायचा, पण थोडक्यात. ताठ बसले होते. स्वतःच्या मुलीची इयत्ता ज्याला माहीत नव्हती, तो माणूस झाडाच्या आत किती लाकूड आहे ते सांगत होता. मी बल्ल्यांच्या आडोशाला जाऊन रडून घेतलं.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. वर्षानुवर्षं केलेलं एखादं काम मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात टिकून राहतं, म्हणाले. त्यावरून बाकीचं परत येईल असं समजू नका, पण त्यांना त्यात आनंद आहे तर नेत जा.

मग दर रविवारी जाऊ लागलो. सकाळी उठल्याबरोबर ते कानामागे पेन्सिल खोचून दाराजवळ बसायचे. बाकी सहा दिवस ताटं उडायची, पण रविवारी नाही. रविवारी ते घरी येऊन जेवायचे आणि बोलायचे. “आज तीन ट्रक आले वं,” असं काहीतरी. ट्रक एकच आलेला असायचा, पण मी हो म्हणायचे.

असे चार महिने गेले असतील. एक दिवस वकिलांचा फोन आला.

“ताई, विमावाल्यायच्या माणसानं टालीवर जाऊन व्हिडिओ काढला. भाऊ खुर्चीवर बसून घनफूट सांगून राहिले त्यात.”

मी विचारलं, “आता कसं करायचं जी?”

“आता काही नाही. इचारलं तर इचारलं. डॉक्टरची साक्ष आपल्याकडे पक्की आहे. तुम्ही खरं तेच सांगजा. फक्त केस होईपर्यंत टालीवर नेणं बंद ठेवा, उगीच त्यायले आणखी काही भेटू नये.”

हे शब्द मी पुढे कितीतरी वेळा मनात घोळवले आहेत. वकिलानं मला खोटं बोलायला सांगितलं नाही. खरं सांगजा, असंच ते म्हणाले होते. नवऱ्याला काही शिकवा, असंही म्हणाले नाहीत. ती अक्कल पूर्ण माझी.

माझी ती अक्कल कुठून आली तेही सांगते. शाळेत तपासणी असली की आम्ही पोरांना आठ दिवस आधीपासून तयार करतो. साहेब काय विचारतील, कोण उठून उत्तर देईल, सगळं ठरलेलं. आणि एक जुनी युक्ती आहे, ती सगळ्या मॅडमना माहीत असते. पोरांना सांगून ठेवायचं, की प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना सगळा वर्ग हात वर केलेला दिसतो आणि आपण उजवा हात पाहून नाव घेतो. माझ्या वर्गातलं पोर साहेबांपुढे कधी अडलं नाही. मला त्याचा अभिमान होता. बरोबर उत्तराला मी संत्र्याची गोळी देते, त्यासाठी माझ्या बॅगेत कायम एक पुडी असते.

मला वकिलाच्या बोलण्याचा भरवसा वाटला नाही. मला भरवसा होता तो माझ्या तयारीचा.

शाळा सुटली की मी घरी यायचे, जेवायचे आणि त्यांना पलंगावर बसवायचे. पहिल्या दिवशी तर मी काळी शाल अंगावर घेऊन विमा कंपनीचा वकील झाले. ते हसले. त्यांना वाटलं खेळ आहे.

“गोलाई छत्तीस, लांबी आठ. किती?”

अंगठा फिरला. “साडेचार!” तोंड असं खुललं, की क्षणभर मला वाटलं, जाऊ द्या.

पण नाही. “असं नाही म्हणायचं. मले येत नाही, म्हणा.”

“पण मले येते ना वं.”

“येते. पण कोर्टात म्हणायचं नाही.”

“काहून?”

मी समजावून सांगितलं. विमा, दावा, व्हिडिओ, मुलीचं कॉलेज, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मी परत विचारलं, छत्तीस गोलाई, आठ लांबी. ते म्हणाले, “साडेचार.” तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की कारण त्यांच्या डोक्यात टिकतच नाही. आणि कारण जिथे पोचत नाही तिथे गोळी पोचते, हे मला चोवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

साडेचार म्हटलं तर गोळी नाही. मले येत नाही म्हटलं तर गोळी. त्यांना संत्र्याची गोळी फार आवडायची, अपघातानंतर तर जास्तच. दुसऱ्या आठवड्यात ते अडखळू लागले. ओठांवर साडेचार यायचं, मग माझ्या बॅगेकडे नजर जायची. तिसऱ्या आठवड्यात ते अंगठा थांबवायला शिकले. मी आकडे बदलून पाहायचे, मधेच विचारायचे, आंघोळीला निघाले असताना, जेवताना. चुकले की आवाज चढायचा माझा. एकदा तोंडून निघून गेलं, “कितीदा सांगायचं? हात पुढे करा!” आणि त्यांनी खरंच हात पुढे केला, छडी खायला. मी छडी मारली नाही. पण धडाही थांबवला नाही.

रविवारी सकाळी ते पेन्सिल खोचून दाराशी बसायचे.

“टालीवर नाही जायचं का वं आज?”

“डॉक्टरनं नाही म्हटलं.”

डॉक्टरांनी तर जा म्हटलं होतं. तीन रविवार हे ऐकल्यावर मी ती पेन्सिलच काढून घेतली आणि माझ्या शाळेच्या बॅगेत टाकली. त्या रविवारी ताट उडालं. मी मनात म्हटलं, बरं आहे, साक्षीत सांगता येईल.

मुलगी स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. एक दिवस तिनं गॅस बंद केला आणि बाहेर आली. “आई, बाबाजवळ आता एवढंच तर राह्यलं आहे. तेबी तू काढून घेऊन राहिली.”

“मग तुझी फी कोण भरन? हे घनफूट भरन?” मी म्हटलं.

ती बापाजवळ बसली, त्यांच्या शर्टाची बटणं नीट लावली आणि आत गेली. मला तिचा राग आला. ती खरं बोलत होती म्हणून आला, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ते न अडखळता म्हणाले, “मले येत नाही.” अंगठा हलला नाही, डोळे माझ्याकडे. मी टाळी वाजवली. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गातल्या ढ पोराचं उत्तर पहिल्यांदा बरोबर आलं की होतो तसाच आनंद झाला. त्या दिवशी मी दोन गोळ्या दिल्या.

माझी साक्ष आधी झाली. मी शपथ घेतली आणि ते समोरच्या बाकावर बसलेले असताना त्यांच्याविषयी सगळं सांगितलं. मोरीतलं, हरवण्याचं, ताटांचं, अंथरूण ओलं होण्याचं. हे सगळं खरं होतं, आणि सांगावंच लागणार होतं. पण ते ऐकत होते. अंथरुणाचं सांगताना त्यांनी मान खाली घातली. मला वाटत होतं, त्यांना असलं आता कळत नाही. सगळं कळत होतं.

विमा कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, हे लाकडाचं माप सांगतात का? मी म्हटलं, मधे कधी सांगायचे, आता येत नाही. शपथेवर सांगितलं. आणि स्वतःची समजूत घातली, की आता ते खरंच सांगत नाहीत ना, मग खोटं काय त्यात.

मग त्यांना पुढे बोलावलं. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याहून लहान. आवाज मऊ ठेवून त्यांनी नाव विचारलं. ते यांनी बरोबर सांगितलं. महिना विचारला. यांनी दिवाळी म्हणून सांगितलं, आणि डोक्यावर पंखे गरगरत होते, मे महिना होता. मुलगी कितवीत? दुसरीत. इथे कशासाठी आलात? यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, लग्नाला. बाईंनी पेन खाली ठेवलं. हे सगळं खरं होतं. यातलं एकही अक्षर मी शिकवलेलं नव्हतं. तिथेच सगळं दिसत होतं, आणि तरी मला माझी तयारी वाया जाऊ नये असं वाटत होतं.

विमा कंपनीचा वकील उठला. व्हिडिओ त्यानं आधीच दाखल केला होता. त्यानं कागद पाहून विचारलं, “एक ओंडका आहे. गोलाई छत्तीस इंच, लांबी आठ फूट. घनफूट किती?”

घरी पहिल्या दिवशी मी घातलेलंच गणित. योगायोग काही नाही, बाजारात त्या मापाचे ओंडके सर्रास येतात.

मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. अंगठा उचलला गेला, एका पेरावर टेकला, दुसऱ्यावर गेला. तिसऱ्यावर थांबला. त्यांना उत्तर आलं होतं. चेहऱ्यावर ते उजेडासारखं आलं, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते विझलं.

“मले येत नाही,” ते म्हणाले.

वकिलानंच हात हलवला. “राहू द्या, बसवा त्यांना.” त्यालाही बरं वाटलं नसावं. त्याच्याविषयी माझ्या मनात आता काही नाही.

ते बाकावर येऊन माझ्याजवळ बसले आणि त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे पसरला. भर कोर्टात. गोळीसाठी. मी घाबरून तो हात धरला, पदराखाली ओढला आणि घट्ट दाबून ठेवला. लोकांना वाटलं असेल, बायको धीर देते आहे. ते पदराखाली हळूच म्हणत होते, “बरोबर सांगतलं ना? बरोबर सांगतलं ना मी?”

निकाल पावसाळ्यानंतर लागला, आमच्या बाजूनं. रक्कम इथे लिहीत नाही, पण मुलीच्या गळ्यात काही बांधावं लागणार नाही इतकी ती आहे. बँकेत ठेवली आहे. वकिलांनी निकालाची प्रत मला दिली. इंग्रजीत होती. मुलीनं रात्रीच्या जेवणाआधी बसून मला मराठीत सांगत सांगत वाचली. एका जागी ती थांबली.

“काय आहे?” मी विचारलं.

तिनं वाचलं. न्यायाधीश बाईंनी लिहिलं होतं, की व्हिडिओत हे लाकडाचं माप बरोबर सांगताना दिसतात, आणि त्यात संशय घेण्याचं कारण नाही. डॉक्टरांच्या साक्षीप्रमाणे असं एखादं जुनं कसब टिकून राहू शकतं. पण एवढ्यावरून हा माणूस नोकरी करू शकेल असं म्हणता येत नाही. म्हणून कंपनीचा हा मुद्दा फेटाळला.

म्हणजे त्यांनी साडेचार म्हटलं असतं तरी चाललं असतं. दहा ओंडक्यांचं माप सांगितलं असतं तरी निकाल हाच लागला असता. मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि ताटं घेतली.

पुढच्या रविवारी मी त्यांना टालीवर नेलं. आठ महिने झाले होते. निघताना मी बॅगेतून पेन्सिल काढली आणि माझ्या हातानं त्यांच्या कानामागे खोचली. टालीवर सगळ्यांना आनंद झाला. खुर्ची आली, चहा आला. शेठ म्हणाले, “या भाऊ, तुमच्याशिवाय आमचे घनफूट चुकून राहिले.” जुन्या हमालानं एक ओंडका पुढे लोळवला, टेप लावली आणि कौतुकानं मोठ्यानं सांगितलं, “छत्तीस गोलाई, आठ लांबी! बोलो भाऊ!”

सगळे थांबले. मी त्यांच्याजवळ वाकले. “सांगा ना. आता सांगतलं तरी चालते. कोर्ट संपलं.”

मी हाताकडे पाहत होते. अंगठा हलेल म्हणून पाहत होते. तो पेरांवर गेला नाही, उचललाच गेला नाही. त्यांनी ओंडक्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे.

“मले येत नाही,” ते म्हणाले, एकदम स्पष्ट, न अडखळता. आणि तळहात पुढे केला.

हमाल खाली पाहू लागला. शेठ कोणाला तरी हाक मारत आत गेले. त्यांचा हात तसाच पुढे होता, आणि गोळी मिळेपर्यंत ते तो मागे घेणार नव्हते, हे मला माहीत होतं. मी बॅग उघडली, पुडीतून एक गोळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ते खूश झाले.

“साडेचार,” मी हमालाला म्हटलं. मला आता कागद लागत नाही.